निर्विष कारखाना

अंबरनाथ म्हटले की शके ९८२ चे शिवालय प्रथम डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु उद्योगाच्या इतिहासातही या गावास स्थान आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वीडिश भांडवलावर निघालेल्या ‘विमको’ कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना येथे उभा राहिला. ज्या धंद्याने युरोपात कामगारांचे जबडे कुजविले, तो येथे आला तेव्हा त्याचे ते विष कायद्याने काढून टाकलेले होते. हे कसे घडले, याचा विचार उल्हासनगर ते बदलापूर या टापूत स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना काढू इच्छिणाऱ्या तरुणांनी अवश्य करावा.

आगकाडीत पूर्वी पांढरा फॉस्फरस घालीत. त्याच्या वाफेने जबड्याचे हाड सडते, हे व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ साली निदर्शनास आणले. त्याच सुमारास, त्याच नगरीत, श्रोटर या रसायनशास्त्रज्ञाने निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस सिद्ध केला; जणू रोग आणि औषध एकाच वेळी जगापुढे आले! पुढील दशकात स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी त्यापासून निर्धोक काडीही बनविली. तथापि १८८८ मध्ये लंडनच्या आगपेटी-कामगार मुलींना संप करावा लागला. बर्न येथील आंतरराष्ट्रीय बंदीचा करार १९०६ साली झाला आणि हिंदुस्थानात कायदा झाला तो १९१३ साली. हा विलंब अज्ञानाचा खासच नव्हता. पांढरा फॉस्फरस स्वस्त पडे व ती काडी कोठेही घासली तरी पेटे, एवढेच त्याचे कारण.

जाळीवरील छपाईची कथा याहून फारशी वेगळी नाही. सॅम्युअल सायमन या इंग्रज कारागिराने १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. पुढे जाळीवर चित्र उठविण्यास बायक्रोमेट आले. ते कातडीवर व्रण पाडते आणि त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण होते. शाई पातळ करण्यास व जाळी धुण्यास टोल्युइनसारखी द्रावके आली. ती मज्जासंस्थेस बाधतात. जपानात ओसाका येथील एका छापखान्यात तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे २०१२ साली उघडकीस आले. यंत्रावरील शाई पुसण्याचे द्रावक आणि कोंदट जागा, ही त्याची कारणे होती. मुखाला फडके बांधून अशी वाफ अडत नाही.

तेव्हा सुधारणेचा क्रम ठरलेलाच आहे. प्रथम विष काढावे : बायक्रोमेटाऐवजी डायझोचा लेप आणि थिनरच्या शाईऐवजी पाण्याची शाई घ्यावी. जेथे द्रावकावाचून चालत नाही, तेथे वाफ कामगाराच्या तोंडापासून दूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवावा. हातमोजे व मुखवटा यांचे स्थान सर्वांत शेवटी. पाण्याची शाई उन्हाळ्यात जाळीत लवकर वाळते, ही कारागिराची तक्रार खोटी नाही. परंतु जाळी वरचेवर ओलसर ठेवण्याची सवय लावून घेता येते, गेलेली प्रकृती परत आणता येत नाही.

आणि पाण्याची शाई झाली म्हणून ती गटारात ओतावी, असेही नाही. अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच नदीत ओतलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो रहिवाशांना बाधा झाली. कारखान्यातून काढलेले विष नदीत सोडले, तर ते शेजाऱ्याच्या घरी पोहोचविले एवढाच त्याचा अर्थ.

आगकाडीच्या धंद्यात औषध सापडल्यावर ते लागू करण्यास साठ वर्षे गेली. छपाईचे औषधही आज बाजारात विकत मिळते. ते घेण्यास आपण किती वर्षे लावणार, हाच प्रश्न आहे.