टोकावरची कल्हई : पातेल्यापासून सोल्डरिंग आयर्नपर्यंत

१/ शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आज दूरचित्रवाणी संच तयार होतात. असा संच दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आधी सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक पुसतो आणि त्यावर डाखाचा पातळ थर चढवतो. या कृतीचे मूळ एका जुन्या, घरोघरी परिचित असलेल्या कारागिरीत आहे : कल्हई.

२/ तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ कळकतात; धातूचे क्षार अन्नात उतरतात. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर देत. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे कथील पसरते आणि भांडे शाबूत राहते.

३/ मात्र तापलेल्या तांब्यावर प्राणवायूमुळे काळे पुट चढते आणि पुटावर कथील धरत नाही. कल्हईवाला म्हणूनच तापल्या भांड्यात नवसागर टाकी. पांढरा धूर निघे, पुट सुटे आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील क्षणात चकाके. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड.

४/ १८५८ मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्गाने दौंड जंक्शन झाले. आगगाडीच्या काळात तारायंत्रही पसरले. तारांचे सांधे पक्के राहावेत म्हणून ते डाखण्याची पद्धत तेव्हा जगभर रूढ होती.

५/ त्या काळच्या डाखकामाचे हत्यार साधे होते : लोखंडी दांडा, लाकडी मूठ आणि टोकाला तांब्याचा ठोकळा. तो निखाऱ्यात तापवीत. काळवंडला की कानशीने घासत, नवसागराच्या खड्यावर फिरवीत आणि लगेच डाख चढवीत. नाव निराळे असले, तरी ही ठोकळ्याची कल्हईच होय.

६/ याला महत्त्व का? पुट उष्णतेला अडवते. अस्वच्छ टोकावर डाख पसरत नाही, गोळी होऊन ओघळतो. सांधा पुरेसा तापत नाही. वरून जोडलेला दिसतो, पण कच्चा राहतो आणि पुढे धक्क्याने सुटतो.

७/ १९२१ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट झाक्स यांनी कारखान्यांसाठी विजेवर तापणारे सोल्डरिंग आयर्न पुढे आणले. निखारे गेले, तरी एक अडचण उरली : वितळलेले कथील तांब्याला हळूहळू विरघळवते आणि टोक झिजते. पुढे त्यावर उपाय निघाला तो तांब्याच्या टोकावर लोखंडाचा मुलामा देण्याचा.

८/ येथे जुना नियम उलटला. कानस लावली की मुलामा फाटतो, आतले तांबे उघडे पडते आणि टोक पोखरले जाते. नवसागराचे अवशेष नाजूक विद्युतमंडले गंजवतात; म्हणून तेथे राळ आली. पुसण्यासाठी किंचित ओला स्पंज किंवा पितळी तारांचा चोथा पुरतो.

९/ १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले. पुढे भारताच्या ई-कचरा नियमांतही अशी मर्यादा आली. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंशांना वितळे. शिसेविरहित प्रचलित डाखाला सुमारे २१७ अंश लागतात. उष्णता वाढली की पुटही लवकर चढते. म्हणून आयर्न बंद करण्यापूर्वी टोकावर ताजा डाख ठेवून द्यावा. तो थर टोकाचे हवेपासून रक्षण करतो.

१०/ स्टीलच्या भांड्यांनी कल्हईचा धंदा मागे सारला. तिचे तत्त्व मात्र टिकले : आधी पुट काढा, मग उघड्या धातूला कथलाने झाका. ज्याला केवळ ‘कानशीने घास’ एवढेच ठाऊक, तो नवे टोक बिघडवतो. ज्याला कारण ठाऊक, तो कानस खाली ठेवतो.

११/ घरातील वडीलधाऱ्यांना कल्हईवाल्याविषयी जरूर विचारा. तो काय करी हे नोंदवाच. का करी, हेही नोंदवा. कारागिरीच्या इतिहासात हा दुसरा प्रश्नच बहुधा निसटतो.