फुएरोन : होते आणि गेले

गेल्या पावसाळ्यापासून मी स्पॅनिश शिकतोय. अंदलुसच्या इतिहासावर लिहायचं तर इंग्रजी भाषांतरांवर किती दिवस काढायचे, म्हणून. वर्तमानकाळ कसाबसा निभावला, भूतकाळात अडलो. ‘असणे’साठी ‘सेर’ आणि ‘जाणे’साठी ‘ईर’ अशी दोन वेगळी क्रियापदं. पण भूतकाळात दोघांची रूपं अगदी एकच : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. ‘फुए रेय’ म्हणजे तो राजा होता. ‘फुए आ ग्रानादा’ म्हणजे तो ग्रानादाला गेला. फरक पुढच्या शब्दांवरून ओळखायचा. वर्णनातल्या, चालू असलेल्या ‘होता’साठी ‘एरा’ हे वेगळं रूप आहे. ‘फुए’ म्हणजे होता आणि संपलं.

मूळ लॅटिनमध्ये ‘फुई’ हे ‘असणे’चंच रूप. ‘जाणे’चं भूतकाळी रूप झिजून नाहीसं झालं आणि त्यानं हे शेजाऱ्याचं उचललं. वर्तमानातलं ‘वोय’ (मी जातो) तर तिसऱ्याच क्रियापदाचं. पोर्तुगीज येणाऱ्या गोवेकरांना हे नवं नाही, तिथंही ‘फोइ’ दोन्हीकडे चालतं. आणि आपण तरी काय वेगळं करतो? ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूचं, ‘गेला’ मात्र ‘गत’पासून आलेलं. ‘होतो’ हे ‘भू’चं, तर ‘झाला’ ‘जात’चं, म्हणजे जन्मलेल्याचं. लॅटिन ‘फुई’ही त्या ‘भू’चाच लांबचा भाऊबंद आहे.

या रूपाची खरी ओळख मला अल्हामियाच्या पानांवर झाली. अल्हामिया म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली स्पॅनिश. शब्द ‘अजमिया’वरून आला; अजमी म्हणजे अरबी नसलेलं, हे उर्दू जाणणाऱ्यांना सांगायला नको. 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा पडलं. पुढच्या काही दशकांत स्पेनमधल्या मुसलमानांचा सक्तीनं बाप्तिस्मा झाला आणि त्यांना मोरिस्को हे नाव मिळालं. अरागॉनसारख्या भागात त्यांची बोलण्याची अरबी आधीच सुटली होती. अक्षरं मात्र सुटली नव्हती. माझे आजोबा मराठी जमाखर्च उर्दू अक्षरांत मांडत, त्यामुळे मला यात फारसं नवल वाटलं नाही.

त्यांची लेखनपद्धत मोठी हुशारीची आहे. ‘प’ नाही, तर बे वर तश्दीद. ‘न्य’साठी नून वर तश्दीद. ‘ए’ हवा तर जबर आणि पुढे अलिफ. दोन स्वर लागोपाठ आले की अरबी लिपी अडते, म्हणून मध्ये वाव घालायचा. त्यामुळे ‘फुए’चं तिथं ‘फुवे’ होतं आणि ‘फुएरोन’चं ‘फुवेरोन’. 1884 साली अरागॉनमधल्या अल्मोनासिद दे ला सिएरा गावात एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा साठाच सापडला. घर सोडताना कुणीतरी तो लपवून ठेवला असणार, परत यायच्या आशेनं.

1609 ते 1614 या काळात तिसऱ्या फिलिपच्या हुकमानं सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आलं. शाळेत आपण वाचतो की ‘अरब परत गेले’. कुठले अरब आणि कसलं परत? यातल्या पुष्कळांची मातृभाषा स्पॅनिश होती. ट्युनिसला पोहोचल्यावरही त्यांच्यातले काही जण धर्मावरची पुस्तकं स्पॅनिशमध्येच लिहीत राहिले, कारण वाचणाऱ्यांना अरबी समजत नव्हती. सर्व्हान्तिसनं ‘दोन किखोते’च्या 1615 च्या दुसऱ्या भागात रिकोते नावाचा असाच एक मोरिस्को आणलाय. हद्दपारीनंतर वेश बदलून गावाकडे आलेला हा माणूस सांचोशी अस्सल कास्तिलियनमध्ये बोलतो.

मागच्या आठवड्यात शिक्षिकेनं ‘फुएरोन’ वापरून दोन अर्थांची दोन वाक्यं लिहायला सांगितली. मी लिहिलं : ‘लोस मोरिस्कोस फुएरोन एस्पान्योलेस’, मोरिस्को स्पॅनिश होते. खाली दुसरं : ‘लोस मोरिस्कोस फुएरोन आ तुनेस’, मोरिस्को ट्युनिसला गेले. तिनं दोन्हींवर बरोबरची खूण केली. फक्त ‘एस्पान्योलेस’मधल्या ‘न्य’वरची नागमोडी रेघ मी विसरलो होतो, तिथं लाल शाईनं गोल केला.