पुरात बुडालेली सेकंडहँड गाडी कशी ओळखायची? घ्यायची की सोडायची?

जालना जिल्ह्यातलं शहागड गोदावरीच्या काठावर आहे आणि सोलापूर-धुळे महामार्गावरही. नदीच्या वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी धरण. सप्टेंबर २०२५ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठच्या अनेक गावांत पाणी शिरलं. अशा पुरानंतर पाण्यात राहिलेल्या काही गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. रंग चकाचक, किंमत कमी. मग प्रश्न पडतो, घ्यावी का?

पाण्यामुळे नेमकं काय बिघडतं?

इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हे लगेच कळतं. वायरिंग, सेन्सर आणि एअरबॅगचे कनेक्टर मात्र हळूहळू गंजतात. त्यामुळे आज टेस्ट ड्राइव्हला ठणठणीत वाटणारी गाडी काही महिन्यांनी दगा देऊ शकते.

काय तपासायचं?

- सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर चिखलाचा डाग आहे का?
- मॅट उचला. सीटचे रूळ, खालचे बोल्ट आणि स्टेपनीची जागा यांवर गंज किंवा गाळ दिसतो का?
- हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का?
- डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं का?
- जुन्या गाडीत कोरं कार्पेट आणि उग्र वासाचा फ्रेशनर कशासाठी?

कागदपत्रांतून काय कळतं?

सर्व्हिस हिस्ट्री आणि विम्याच्या क्लेमची माहिती मागा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर साधारणपणे गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. अशी गाडी भंगारात न जाता दुरुस्त होऊन पुन्हा विकली जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवण्याच्या हेतूने माहिती दडवणं ही फसवणूक आहे. पण विक्रेता नुसता गप्प राहिला, तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. म्हणून ‘गाडी पाण्यात गेली होती का?’ हे थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचं उत्तरही पुढे उपयोगी पडू शकतं. डीलरकडून गाडी घेतली असेल, तर ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पाणी कुठपर्यंत चढलं होतं, यावर सगळं अवलंबून आहे. फक्त फूटमॅटपर्यंत आलं असेल आणि दुरुस्तीची बिलं असतील, तर आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून खर्चाचा अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलं असेल, तर गाडी सोडलेलीच बरी. विक्रेता मेकॅनिकला गाडी दाखवायलाच तयार नसेल, तर तिथेच थांबा. टोकन देण्याआधी हे सगळं करा, कारण पैसे हातातून गेले की घासाघीस करायची ताकदही जाते.