नांदेडहून लातूरला बिऱ्हाड हलवताना घरचा मीडिया सर्व्हर कसा न्यायचा?

जून महिना आला की लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर सामानाने भरलेले टेम्पो दिसायला लागतात. कुणाची बदली झालेली असते. कुणाच्या मुलाला 'लातूर पॅटर्न'मध्ये अकरावी-बारावी करायची असते आणि त्याच्यासोबत आई किंवा आजीही दोन वर्षं लातूरला मुक्कामाला जाते. टेम्पोत कपाट, फ्रिज, गाद्या असतात. आणि घरात कुणी कॉम्प्युटरचं हौशी असेल, तर टॉवेलात गुंडाळलेला एक छोटा डबाही असतो. तो म्हणजे घरचा मीडिया सर्व्हर.

फ्रिज नव्या घरात नेऊन प्लग लावला की चालतो. सर्व्हरचं तसं होईलच असं नाही. नवं मशीन घेतलं, डिस्क जोडली, टीव्ही लावला आणि समोर रिकामी लायब्ररी आली, असं सहज होऊ शकतं. फायली असतात, पण दहा वर्षं जमवलेली मांडणी, नावं, पोस्टर, कुणी काय कुठपर्यंत पाहिलं याची नोंद, सगळं गायब. हे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कंटेनर.

पण घरात सर्व्हर कशाला हवा?

मीडिया सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला एक कॉम्प्युटर. तुमचे व्हिडिओ, गाणी, फोटो त्याच्यावर असतात आणि घरातला टीव्ही, फोन, लॅपटॉप ते वायफायवरून पाहतात. घरापुरतं स्वतःचं ओटीटीच म्हणा ना.

सिनेमांसाठी ओटीटी आहेच. सर्व्हरचा खरा उपयोग ओटीटीवर कधीच येणार नाही अशा गोष्टींसाठी होतो. आजोबांच्या पंचाहत्तरीची व्हीएचएस कॅसेट. लग्नाच्या तीन डीव्हीडी, ज्या लावायला आता घरात प्लेअरच नाही. बारशाचे, गणपतीचे, शाळेच्या गॅदरिंगचे मोबाइलवरचे व्हिडिओ. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि १५ जीबीचं माप लागू झालं, तेव्हा असे व्हिडिओ ठेवायचे कुठे हा प्रश्न पुष्कळ घरांत पहिल्यांदा आला.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेक्स आणि जेलीफिन ही दोन नावं जास्त ऐकू येतात. प्लेक्स वापरायला सोपं, पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ पाहण्यासाठीही त्यांनी पैसे घ्यायला सुरुवात केली. जेलीफिन पूर्ण मोफत आहे. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी त्यातून हा वेगळा प्रकल्प काढला. या लेखात जेलीफिनचंच उदाहरण घेऊ.

कायद्याचा प्रश्नही इथेच संपवू. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती करून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचं शूटिंग तुमचं. ते डीव्हीडीवरून उतरवून घेण्यात काही गैर नाही. टेलिग्रामवरून उतरवलेला नवा सिनेमा मात्र सर्व्हरवर ठेवल्याने कायदेशीर होत नाही.

कोणतं मशीन घ्यावं?

जुना डेस्कटॉप चालतो, पण वीजबिल पाहा. ६० वॅट खाणारं मशीन दिवसरात्र चालू राहिलं तर ३० दिवसांत ४३ युनिट होतात. १२ वॅटवर चालणारा मिनी पीसी महिन्याला साधारण साडेआठ युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो, त्यामुळे ९० युनिट वापरणाऱ्या घराला जुना डेस्कटॉप दुहेरी महाग पडतो.

इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असलेला, कुणीतरी वापरून विकलेला मिनी पीसी हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा. टीव्हीला एखादा फॉरमॅट समजत नसेल तर सर्व्हरला तो चालता चालता बदलून द्यावा लागतो, आणि या प्रोसेसरमध्ये त्या कामासाठी वेगळी सोय असते. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करण्याची अशी सोय काढून टाकली आहे, म्हणून या कामाला तो घेऊ नये.

लाइट जाणं हा आपल्याकडे नेहमीचा विषय. मिनी पीसी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे डेटाबेस, लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती खराब होऊ शकते. शिवाय बायोसमध्ये 'वीज परत आली की आपोआप सुरू हो' अशी सेटिंग असते, ती चालू करा. नाहीतर दुपारी लाइट येऊन-जाऊन झाल्यावर आजी टीव्हीसमोर बसलेली असते आणि सर्व्हरचं बटण दाबायला घरात कुणी नसतं.

कंटेनर म्हणजे नक्की काय?

बंदरातला लोखंडी डबा डोळ्यांसमोर आणण्यापेक्षा भाड्याची खोली आणा. खोलीत नळ, लाइट, पंखा, सगळी सोय तयार असते. सामान तेवढं तुमचं. खोली सोडली, दुसरी घेतली, सामान लावलं की संसार पुन्हा सुरू.

कंटेनरमध्ये जेलीफिन आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी बांधून तयार मिळतात. हे काम करणारं डॉकर हे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत पहिल्यांदा लोकांना दाखवलं. सर्व्हर क्षेत्रात ते लवकरच रुळलं. घरगुती वापरात त्याचा फायदा असा की कंटेनर कधीही पुसून टाकता येतो आणि दोन मिनिटांत पुन्हा उतरवून घेता येतो.

जपायच्या गोष्टी तीनच उरतात. एक, मीडियाचं फोल्डर, म्हणजे तुमचे व्हिडिओ. दोन, कॉन्फिग फोल्डर. यात डेटाबेस, घरातल्या सगळ्यांची खाती, पोस्टर आणि 'अर्ध्यावर थांबलो होतो' ही नोंद असते. आणि तीन, कंपोज फाइल. ही जेमतेम वीस ओळींची साधी मजकुराची फाइल असते. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणतं फोल्डर कुठे जोडायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. 'मुद्दाम बंद केलं नसेल तर आपोआप सुरू हो' ही सूचनाही त्यातच घाला.

जेलीफिन थेट विंडोजवर टाकलं असेल तर डेटाबेसमध्ये फायलींचे पत्ते विंडोजच्या ड्राइव्हच्या नावाने साठतात. मग नव्या मशीनवर ते पत्ते सापडत नाहीत. कंटेनरमध्ये पत्त्याला दोन बाजू असतात. डावीकडे मशीनवरचा खरा पत्ता, उजवीकडे कंटेनरच्या आत दिसणारा पत्ता. जेलीफिनला फक्त उजवीकडचा पत्ता माहीत असतो. नांदेडच्या मशीनवर व्हिडिओ 'डिस्क१'मध्ये होते आणि लातूरच्या मशीनवर 'मोठीडिस्क'मध्ये आहेत, तरी उजवी बाजू तीच ठेवली तर जेलीफिनला घर बदलल्याचा पत्ताच लागत नाही. स्थलांतराची सगळी गंमत या एका ओळीत आहे.

आता प्रत्यक्ष हलवायचं कसं?

निघायच्या आधी कंटेनर थांबवा. ही पायरी लोक हमखास गाळतात. सर्व्हर चालू असताना डेटाबेसची नक्कल केली तर काही नोंदी मुख्य फाइलमध्ये आलेल्याच नसतात आणि नक्कल अर्धवट निघते. थांबवून मग कॉन्फिग फोल्डर एका टार फाइलमध्ये बांधा. फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर ओढून टाकू नका. पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ फॉरमॅटमध्ये असतो आणि कोणती फाइल कुणाच्या मालकीची, कुणाला परवानगी, ही लिनक्सची माहिती त्यावर टिकत नाही. टार फाइलच्या पोटात ती टिकते. फॅट३२ वर मात्र ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, ते आधी पाहून घ्या.

व्हिडिओंची डिस्क स्वतःच उचलून न्या. २ टीबी डेटा ५० एमबीपीएस अपलोडने पाठवायचा म्हटलं तर सलग पावणेचार दिवस लागतात. तीच डिस्क एसटीने तीन-चार तासांत लातूरला पोचते! फक्त ती एकमेव प्रत असेल तर निघण्याआधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढा. यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कवर २ टीबी उतरायला साधारण पाच तास, म्हणजे रात्री लावून झोपलं तर सकाळी तयार.

नव्या मशीनवर डेबियन किंवा उबंटू आणि त्यावर डॉकर टाका. डिस्क जोडताना तिच्या कायम ओळख क्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने जोडा. हे नाही केलं तर रीस्टार्टनंतर डिस्क वेगळ्या नावाने येऊ शकते किंवा तिच्याआधी डॉकरच सुरू होऊ शकतो. मग फोल्डर सापडत नाही म्हणून डॉकर गपचूप त्याच नावाचं नवं, रिकामं फोल्डर तयार करतो आणि टीव्हीवर काहीच चालत नाही. अशा वेळी घाबरून लायब्ररी काढून पुन्हा जोडायला जाऊ नका. आधी डिस्क जोडली गेली आहे का ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

मग टार फाइल उघडा, कंपोज फाइलमधली डावी बाजू बदला आणि सुरू करा. जुन्या मशीनवर वापरकर्ता क्रमांक १००० असेल तर नव्यावरही तोच ठेवा, म्हणजे परवानगीचे वाद होत नाहीत. व्हिडिओ बदलण्याच्या कामासाठी कंटेनरला ग्राफिक्सचं उपकरण दाखवलं असेल तर 'रेंडर' गटाचा क्रमांक तपासा, तो दोन मशीनवर वेगळा असू शकतो.

आवृत्तीबाबत कडक राहा. कंपोज फाइलमध्ये 'लेटेस्ट' लिहिलेलं असेल तर नवं मशीन सगळ्यात नवी आवृत्ती ओढून घेतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या जेलीफिन १०.११ ने डेटाबेसची रचनाच बदलली. एकदा तो बदल झाला की तेच फोल्डर घेऊन १०.१० वर परत जाता येत नाही. त्यामुळे नांदेडला जी आवृत्ती होती तिचाच क्रमांक लिहा, आठवडाभर चालू द्या, आणि अपडेट त्यानंतर.

फोटोंसाठी कुणी इमिच वापरत असेल तर एक फरक लक्षात घ्या. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये असतो, तिथे फोल्डर उचलण्याऐवजी डेटाबेसचा डंप काढून तो नव्या ठिकाणी भरणं सुरक्षित.

लातूरचा सर्व्हर नांदेडला कसा दिसणार?

अर्धं घर नांदेडला राहिलं असेल तर हा प्रश्न येणारच. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ राउटरमध्ये पोर्ट उघडा म्हणतात. पण पुष्कळ इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातच आहात आणि पोर्ट उघडून उपयोग नाही. त्यावर टेलस्केल हा सोपा उपाय आहे. ते सर्व्हरवर आणि नांदेडच्या टीव्ही-फोनवर टाकलं की सगळी उपकरणं एकाच खासगी जाळ्यात येतात. सीजीनॅट नसलं तरी मी हाच मार्ग सुचवेन, कारण ८०९६ हे जेलीफिनचं पोर्ट थेट जगासाठी उघडं ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं.

जुन्या मशीनचं काय करायचं?

महिनाभर त्यावरचं काहीही पुसू नका. या काळात प्रत्येकाने आपल्या खात्यात लॉगिन करून पाहावं, लग्नाच्या डीव्हीडीची तिसरी फाइल शेवटपर्यंत चालवून पाहावी. फक्त पहिला मिनिट नको.

त्यानंतर ते मशीन विकू नका, नांदेडच्याच घरी राहू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत घुसलं. अशा वेळी कपाटातल्या कॅसेट आणि टेबलावरची डिस्क एकाच घरात असतात, म्हणजे जातात तेव्हा सोबत जातात. दोन शहरांत दोन मशीन असतील तर हा धोका राहत नाही. सगळे सिनेमे पाठवायची गरज नाही. घरचे व्हिडिओ, फोटो आणि कॉन्फिगची टार फाइल एवढंच सिंकथिंगसारख्या मोफत साधनाने रात्री लातूरहून नांदेडला जाऊ द्या. मात्र एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते, म्हणून नांदेडच्या बाजूला जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सेटिंग चालू करा. आणि दिवाळीला नांदेडला गेलात की त्या मशीनवरचा कुठलाही एक व्हिडिओ टीव्हीवर लावून बघा.