वाढपट्टीची दुखापत

वाढपट्टीची दुखापत म्हणजे लहान मुलांच्या व किशोरवयीनांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पातळ थराला होणारी इजा होय. या थराला वैद्यकीय व्यवहारात ग्रोथ प्लेट किंवा फायसिस म्हणतात. हाडाची लांबी याच थरातून वाढत असल्याने त्याला इजा झाल्यास हाड आखूड राहण्याचा किंवा वाकडे वाढण्याचा धोका असतो. बहुतेक दुखापती योग्य उपचारांनी पूर्ण बऱ्या होतात. मात्र काहींचे परिणाम अस्थिभंग जुळून आल्यानंतर कित्येक महिन्यांनी दिसू लागतात. मुलांच्या एकूण अस्थिभंगांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के अस्थिभंगांत वाढपट्टीचा समावेश असतो.

रचना व कार्य

वाढपट्टीतील कूर्चापेशी सतत विभागतात, आकाराने मोठ्या होतात आणि अखेरीस त्यांच्या जागी हाड तयार होते. वाढ पूर्ण झाल्यावर पट्टी हाडात विलीन होते. साधारणपणे मुलींमध्ये हे १३ ते १५ व मुलांमध्ये १५ ते १७ या वयात घडते. प्रत्येक पट्टीचा वाढीतील वाटा वेगळा असतो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळील पट्टीतून, तर दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळील पट्टीतून होते. त्यामुळे गुडघ्याजवळील इजा अधिक गंभीर मानली जाते.

कारणे

पडणे, खेळातील अपघात आणि वाहनांचे अपघात ही प्रमुख कारणे आहेत. मनगट, बोटे व घोटा येथे या दुखापती अधिक आढळतात. मुलींच्या तुलनेत मुलांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. वाढत्या वयात वाढपट्टी ही सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. त्यामुळे ज्या आघाताने प्रौढाचा सांधा केवळ मुरगळतो, त्याच आघाताने मुलाची वाढपट्टी सरकू शकते. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत मनगटावर वारंवार ताण आल्यानेही पट्टीला इजा होते. आघाताशिवाय हाडाचा किंवा सांध्याचा जंतुसंसर्ग, किरणोपचार व तीव्र हिमदंश यांमुळेही पट्टीची हानी होते. मुडदूस या विकारात ड जीवनसत्त्वाच्या अभावी पट्टीत खनिजे नीट साठत नाहीत व पाय वाकतात. हा विकार दुखापतीहून वेगळा असून उपचारांनी बऱ्याच अंशी सुधारतो.

वर्गीकरण

टोरांटो येथील रॉबर्ट सॉल्टर व रॉबर्ट हॅरिस या शल्यचिकित्सकांनी १९६३ मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. त्यात पाच प्रकार आहेत.

पहिला प्रकार : भेग केवळ पट्टीतून जाते. क्ष-किरण चित्र सामान्य दिसू शकते.
दुसरा प्रकार : भेग पट्टीतून निघून हाडाच्या दांड्याकडील भागात शिरते. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.
तिसरा प्रकार : भेग पट्टीतून हाडाच्या टोकात व तेथून सांध्यात जाते.
चौथा प्रकार : भेग दांड्याकडील भाग, पट्टी व हाडाचे टोक या तिन्हींना छेदते. कोपराच्या बाहेरील बाजूचे काही अस्थिभंग या प्रकारचे असतात.
पाचवा प्रकार : दाबामुळे पट्टी चिरडली जाते. हा दुर्मीळ असून बहुधा वाढ खुंटल्यावरच लक्षात येतो.

निदान व उपचार

सांध्याजवळ सूज, हाडाच्या टोकाशी नेमकी वेदना आणि हात वापरणे किंवा पायावर भार देणे टाळणे ही प्रमुख लक्षणे होत. कूर्चा क्ष-किरण चित्रात दिसत नसल्याने केवळ चित्र सामान्य आहे म्हणून दुखापत नाही असे म्हणता येत नाही. गरज भासल्यास दुसऱ्या बाजूच्या हाडाशी तुलना, एमआरआय किंवा सीटी स्कॅन केले जाते. अशा वेळी सांधा चोळणे किंवा ओढून बसवणे यांमुळे पट्टीची अधिक हानी होऊ शकते.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा हाड हलक्या हाताने जागेवर बसवून प्लास्टर घातले जाते. सुमारे आठवडाभराहून अधिक काळ लोटल्यास हाड जोराने बसवणे टाळतात, कारण जुळत असलेल्या पट्टीला त्यामुळे पुन्हा इजा होते. तिसऱ्या व चौथ्या प्रकारांत सरकलेले तुकडे शस्त्रक्रियेने अचूक जुळवावे लागतात. तार पट्टीतून न्यावीच लागली, तर ती बारीक व गुळगुळीत वापरतात.

वाढीतील अडथळा

इजा झालेल्या जागी पट्टीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा हाडाचा पूल तयार झाल्यास तेवढ्या भागाची वाढ थांबते. पूल कडेला असल्यास हाड वाकते आणि संपूर्ण पट्टी बंद झाल्यास ते आखूड राहते. मनगटात अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड वाढायचे थांबले व शेजारचे अल्ना वाढत राहिले, तर हात एका बाजूला कलतो. मूल जितके लहान, तितकी उरलेली वाढ अधिक आणि म्हणून व्यंगाचा धोकाही अधिक. यासाठी प्लास्टर काढल्यानंतरही किमान वर्षभर, आणि गुडघ्याजवळील इजेत अनेकदा वाढ पूर्ण होईपर्यंत, ठरावीक अंतराने तपासणी केली जाते.

पूल लहान असून किमान दोन वर्षांची वाढ शिल्लक असल्यास तो काढून त्या जागी चरबी भरता येते. पायांच्या लांबीत २ सेंमीपर्यंत फरक असल्यास बुटातील उंचवटा पुरतो. सुमारे २ ते ५ सेंमी फरकासाठी निरोगी पायाची पट्टी योग्य वयात बंद केली जाते. त्याहून अधिक फरकासाठी इलिझारोव्हसारख्या पद्धतीने हाडाची लांबी वाढवतात.

मुंबईतील संदर्भ

करी रोड, लालबाग व परळ हा मध्य मुंबईतील गिरणगावाचा भाग गोविंदा पथकांसाठी प्रसिद्ध आहे. दहीहंडीच्या वरच्या थरांवर वजनाने हलकी मुले चढवण्याची प्रथा होती. उंचावरून पडताना हात टेकल्यास मनगट व कोपर यांवर आघात होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली व थरांच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, हे राज्य सरकारचे म्हणणे स्वीकारले. मात्र १४ व्या वर्षी बहुतेक मुलग्यांच्या वाढपट्ट्या खुल्याच असतात. म्हणजेच या वयानंतर सहभागी होणाऱ्या किशोरांनाही अशा दुखापतीचा धोका राहतो.

१९२६ मध्ये सुरू झालेले महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय व १९२९ मध्ये स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय ही दोन्ही रुग्णालये परळ येथे आहेत. दहीहंडीत जखमी झालेल्या गोविंदांवर के. ई. एम. रुग्णालयात दरवर्षी उपचार केले जातात.