कारण : गांजा

गावाकडे आमचे एक चुलते होते, अण्णाकाका. मी लहान असताना ते दिवसभर पारावर बसून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असायचे. "गांजा ओढून डोकं फिरलं त्याचं" हे एका ओळीचं उत्तर अख्ख्या गावाला पुरायचं. आम्हा पोरांनाही पुरलं. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेल्याचं मला आठवत नाही. कारण सापडलंय म्हटल्यावर डॉक्टर कशाला?

मागच्या वीकेंडला एका जुन्या सरकारी अहवालाबद्दल वाचत बसलो होतो, तेव्हा काका आठवले.

झालं असं की १८९१ साली अलाहाबादच्या 'पायोनियर' या वर्तमानपत्राचा हवाला देऊन ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला : हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरलेली आहेत, हे खरं का? गांजा तेव्हा सरकारी परवान्याने विकला जायचा, त्याची अबकारी सरकारच्या तिजोरीत यायची. म्हणजे सरकार लोकांना वेडं करून पैसे कमावतंय, असा अर्थ. ओरड वाढली आणि जुलै १८९३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. सात सदस्य, त्यात तीन हिंदी. या मंडळींनी देशभर फिरून १,१९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये तीन हजारांहून जास्त पानांचा अहवाल दिला.

मला वाटलं, साहेबांची नेहमीची कागदबाजी असेल. निघालं चक्क डिबगिंग!

आयोगाने आधी विचारलं, "गांजामुळे वेडे" हा आकडा येतो कुठून? तर वेड्याला इस्पितळात पाठवताना सोबत एक फॉर्म जायचा. त्यात एक रकाना : वेडाचं कारण. तो भरायचा बहुतेक वेळा पोलिसांनी. पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, हा गांजा ओढायचा का? कुणी "हो" म्हटलं की लिहा 'गांजा'. इस्पितळातले लोक तेच रजिस्टरमध्ये उतरवणार, वर्षअखेरीस बेरीज होणार, बेरीज वार्षिक अहवालात जाणार, तिथून पेपरात आणि पेपरातून पार्लमेंटमध्ये!

ज्यांनी फॉर्म डिझाइन केलेत, त्यांना हे नवीन नाही. फील्ड मॅन्डेटरी केलं की युजर काहीतरी भरतोच, आणि सहा महिन्यांनी त्या 'काहीतरी'चा सुंदर पाय चार्ट प्रेझेंटेशनमध्ये दिसतो. मी स्वतः असे चार्ट दाखवलेत, खोटं कशाला बोलू?

मग आयोगाने १८९२ सालच्या दाखल्यांची एकेक केस पुन्हा तपासली. एकूण दाखले १,३४४. त्यात गांजा-भांग-चरस यांच्या खात्यावर टाकलेले २२२. तपासणीनंतर उरले ९८, आणि त्यातही फक्त हेच एक कारण धरता येईल असे ६१.

निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अति केलं तर होतं. सरसकट बंदी नको. कर आणि परवाने यांनी आळा घाला. आता, अबकारी बुडू नये ही सरकारची सोय त्यात होतीच, हे विसरू नये. आणि गांजा निरुपद्रवी आहे असंही मला म्हणायचं नाही. कमी वयात, रोज, भरपूर ओढणाऱ्यांना गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, असं आजचं संशोधन सांगतं. मुद्दा वेगळाय. त्या लोकांनी आकडा वापरण्याआधी तो कुठून आला हे विचारलं.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि त्याला धरून १९८५ चा आपला एनडीपीएस कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं व्याख्येबाहेर. म्हणून महाशिवरात्रीची भांग सुटली आणि चिलीम अडकली. झाड तेच!

२०२० मध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला, तेव्हा चॅनेलवाले कित्येक आठवडे लोकांचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट वाचून दाखवत होते. रकाना तोच, भरणारे बदलले. त्याच वर्षी २ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. त्यावर रात्री नऊची चर्चा झालेली मला तरी दिसली नाही.

असो. परवा आईला फोनवर सहज विचारलं, "आई, अण्णाकाका गांजा आधी ओढायला लागले, की आधी आजारी पडले गं?"

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी भाऊजींची झोप गेली. रात्र-रात्र अंगणात फेऱ्या मारायचे. गांजा नंतर कुणीतरी दिला, झोप लागेल म्हणून."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.