वेदनेला वाचा : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची दोनशे वर्षे

भंडारा जिल्ह्यात जुलै उजाडला की बांधाबांधावर रोवणीची घाई सुरू होते. गुडघाभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायकांत सारेच हात तरणे नसतात. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मातासुद्धा सूर्य कलेपर्यंत कंबर सरळ करीत नाहीत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी या भागात नवा होतो तेव्हा, अशाच एका दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक माता बांधावर एकटीच बसलेली मला दिसली. नागपूरला तिच्या उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन सात-आठ महिने लोटले होते. हात खांद्याच्या वर जात नव्हता, मनगटापासून कोपरापर्यंत सूज होती. ती म्हणाली, “फादर, जखम भरली, पण काखेत कोणी निखारा ठेवल्यासारखं जळते.” मी तिला आपले दुःख प्रभूच्या क्रुसाशी जोडण्यास सांगितले, मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढे गेलो. त्यानंतर तिने त्या जळजळीचा उच्चार माझ्यापाशी कधी केला नाही. ती बरी झाली असा माझा समज झाला. ती रात्रीमागून रात्री भिंतीला टेकून बसून काढीत होती, हे मला तिच्या सुनेकडून कळले, आणि तेही फार उशिरा.

त्या निखाऱ्याचा शोध घेण्यासाठी मी पुढे जे वाचले, त्यातील काही या पृष्ठांत वाचकांसमोर ठेवतो. मी वैद्य नाही. ही गोष्ट औषधशास्त्राइतकीच माणसे माणसांचे दुःख कसे ऐकतात याचीही आहे, म्हणून हे धाडस करतो.

आरंभ आपल्या ओळखीच्या नावापासून करू. मिस्साबलीच्या पहिल्या कृतज्ञताप्रार्थनेत ज्या हुतात्मा स्त्रियांची नावे येतात त्यांत संत आगाथा आहे; ५ फेब्रुवारी हा तिचा सण. सिसिलीतील कातानिया येथे, परंपरेनुसार सम्राट डेसियसच्या छळात इ.स. २५१ च्या सुमारास ती हुतात्मा झाली. तिच्या छळात तिचे स्तन कापले गेले असे तिची कथा सांगते, म्हणून स्तनाच्या विकाराने पीडित स्त्रिया तिची मध्यस्थी मागतात. या कथेचा एक भाग आपण सहसा सांगत नाही. रात्री तुरुंगात एक वृद्ध पुरुष औषधे घेऊन तिच्याकडे येतो, त्याच्यापुढे एक मुलगा दिवा धरून चालतो. तो वृद्ध म्हणजे प्रेषित पेत्र, आणि तो तिच्या जखमा भरून काढतो. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती मांडत नाही. परंतु ज्यांनी ती रचली त्यांना, मरणाच्या वाटेवर असलेल्या हुतात्म्याच्याही वेदनेवर कोणीतरी औषध घेऊन यावे असे वाटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इतिहासातील नोंद जपानपासून सुरू होते. हानाओका सेईशू या वैद्याने १३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठ वर्षांच्या एका स्त्रीला गुंगीचा काढा पाजून तिच्या स्तनातील गाठ काढली. त्या काढ्यात मुख्यत्वे धोतरा आणि बचनाग होता. आपल्या उकिरड्यावर उगवणारा तोच धोतरा! (कोणी प्रयोग करू नये, काढ्याच्या चाचणीपायी सेईशूच्या पत्नीची दृष्टी गेली, असे त्या देशात सांगतात.) जपान तेव्हा जगाला बंद होता, त्यामुळे ही विद्या बाहेर पोचली नाही. सातच वर्षांनी, ३० सप्टेंबर १८११ रोजी, इंग्रज लेखिका फॅनी बर्नी हिच्यावर पॅरिस येथे नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने हीच शस्त्रक्रिया केली, तेव्हा तिला मद्यमिश्रित पेयापलीकडे काही मिळाले नाही. ती जवळजवळ पूर्ण वेळ शुद्धीवर होती. बहिणीला त्याचा वृत्तांत लिहिण्यास तिला कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचा धीर तिला झाला नाही. ती १८४० पर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. तिचे पत्र या विषयावर रुग्णाने स्वतः लिहिलेल्या प्रारंभीच्या साक्षींपैकी एक आहे. तोवर लिहीत आले होते ते बहुधा सुरी धरणारे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे ईथरच्या गुंगीतील शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि सुरीखालची वेदना हळूहळू संपली. सुरीनंतरची वेदना मात्र त्यानंतर वाढली, कारण रुग्ण झोपलेला असल्याने शल्यविशारदाला हवे तितके खोल जाता येऊ लागले.

येथे विल्यम हॉलस्टेड या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील या शल्यविशारदाने १८९४ मध्ये आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्करोग मुळाप्रमाणे एका जागेतून भोवती पसरत जातो, म्हणून जितके व्यापक कापावे तितके बरे, असा त्याचा सिद्धांत. तो स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकसंध काढीत असे. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्याच्या हातून खूप खाली आले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्या स्त्रियांचे पुढे काय झाले? छातीच्या फासळ्यांवर कातडी तेवढी उरे. काखेतील ग्रंथी गेल्याने हातातील द्रव परतण्याची वाट अडे आणि हात सुजे. दंडाच्या आतील बाजूला संवेदना देणारा एक बारीक मज्जातंतू काखेतून जातो. तो तुटला की दंड बधिर होतो, आणि त्याच बधिर भागात जळजळ, मुंग्या, विजेच्या धक्क्यासारख्या कळा सुरू होतात. आमच्या मातेचा निखारा तो हाच असावा. नसलेला स्तन दुखतो, असेही काही स्त्रिया सांगतात. त्यांना वेड लागलेले नसते. ज्या मज्जातंतूंनी आयुष्यभर त्या अवयवाची वार्ता मेंदूला पोचवली, ते तुटल्यावरही वार्ता पाठवीत राहतात.

हॉलस्टेडला हे दिसत नव्हते असे नाही. हाताला येणारे अपंगत्व प्राणांच्या तुलनेत क्षुल्लक आहे, असे त्याने लिहून ठेवले. आणि पुढे असेही लिहिले की या स्त्रियांचे वय सरासरी पंचावन्नच्या आसपास, म्हणजे त्या समाजाच्या सक्रिय घटक राहिलेल्या नाहीत. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला रोवणीचा बांध आठवला. पंचावन्न वर्षांची बाई आमच्याकडे धान रोवते, कापते, घागर आणते, मोहफुले वेचते, तेंदूपाने गोळा करते, विड्या वळते. तिचा उजवा हात गेला म्हणजे घराचे अर्धे उत्पन्न गेले. विशेष हे की, १८८४-८५ च्या सुमारास मज्जातंतूजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करण्याचे प्रयोग करणाऱ्यांत हॉलस्टेड अग्रभागी होता. ते स्वतःवर करता करता तो व्यसनाधीन झाला आणि पुढे मॉर्फीनच्या आहारी गेला. वेदनेचे आणि ती शमविण्याचे मोल ज्याला इतके जवळून कळले, त्याच्या लेखनात रुग्णाच्या वेदनेला इतकी थोडी जागा असावी!

हॉलस्टेडचा शब्द जवळजवळ ऐंशी वर्षे चालला. लंडनमध्ये जेफ्री केन्झ यांनी १९२० च्या दशकात लहान शस्त्रक्रियेला रेडियमची जोड देऊन पाहिली, पण फारसे कोणी ऐकले नाही. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हाही जगभर तीच व्यापक शस्त्रक्रिया प्रमाण मानली जात होती. या रुग्णालयाच्या जडणघडणीत डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय कॅथलिक शल्यविशारदांचा मोठा वाटा आहे; १९६९ मध्ये ते निवर्तले आणि परळमधील रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. आमच्या जिल्ह्यातून गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने त्या रस्त्यावर पोचलेली कितीतरी कुटुंबे मला ठाऊक आहेत. त्यांतील काहींना दादरच्या धर्मशाळेत आसरा मिळाला. तीही आमच्याच विदर्भातील संत गाडगे महाराजांच्या नावाची.

बदल दोन दिशांनी आला. पहिली दिशा प्रमाणांची. अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर यांचे म्हणणे असे की, रोग रक्तावाटे आरंभीच दूर पोचत असेल तर छाती आणखी खरवडून काय साधणार? त्यांनी १९७१ मध्ये सोळाशेहून अधिक स्त्रियांचा तौलनिक अभ्यास सुरू केला. छातीचे स्नायू काढले काय आणि ठेवले काय, आयुर्मर्यादेत फरक पडला नाही. मिलानचे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि फिशर यांनी पुन्हा १९८५ मध्ये दाखवून दिले की, रोग लवकर सापडला तर स्तन राखून केवळ गाठीचा भाग काढावा आणि किरणोपचार द्यावेत, तरी तितकेच आयुष्य लाभते. १९९० च्या दशकात काखेतील पहिलीच ग्रंथी तपासण्याची रीत आली. ती निर्दोष असेल तर बाकीच्या राहू देतात, आणि हाताची सूज बऱ्याच अंशी टळते. लवकर येणाऱ्या बाईला आज कमी कापले जाते. आमच्याकडील बाया मात्र लाजेने गाठ लपवतात आणि म्हणून अधिक गमावतात.

दुसरी दिशा रुग्णांची स्वतःची. न्यूयॉर्कच्या टेरीज लासर यांची शस्त्रक्रिया १९५२ मध्ये झाली. हात कसा हलवावा, काय घालावे, घरी काय सांगावे, हे त्यांना कोणी सांगेना. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. सोबत चेंडू आणि दोरी, व्यायामासाठी. काही शल्यविशारदांना ही लुडबुड वाटली. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचे काम आपलेसे केले. त्या व्यायामांतील सर्वांत साधा असा : भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, बोटे कोळ्यासारखी वर चालवावीत, पोचली तेथे खूण करावी. केव्हा सुरू करावा ते डॉक्टरांनी सांगावे. पण हात गळ्यात बांधून महिनोन्महिने ठेवला की खांदा आखडतो. आमच्या मातेचे तेच झाले होते. तिला विश्रांती घ्यायला सर्वांनी सांगितले, मीही सांगितले.

वेदना इतकी सर्वत्र असते काय? डेन्मार्कमध्ये ३,२५३ स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी विचारण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे की ४७ टक्के स्त्रियांना अजून दुखत होते. जवळजवळ निम्म्या! या दुखण्याला साध्या गोळ्या पुरत नाहीत. मज्जातंतूच्या दुखण्यावर निराळी औषधे असतात आणि ती मागावी लागतात. मागण्यासाठी आधी सांगावे लागते. बधिर करणाऱ्या औषधाविषयी एक नवी वार्ता तर आपल्याच राज्यातील आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना टोचतात तेच स्वस्त औषध, टोचले असता पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. न टोचलेल्यांत ८६.४ टक्के. हे संशोधन दुखणे घालविण्यासाठी नव्हते, रोग परतू नये म्हणून होते. तरी हॉलस्टेडच्या कोकेनचा हा दूरचा वंशज येथे असा उपयोगी पडावा, याचे मला नवल वाटते.

आता आमच्या बाजूची गोष्ट. ख्रिस्ती माणसाने वेदनाशामक घ्यावे काय, हा प्रश्न इटलीतील भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्यासमोर ठेवला होता. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले : घ्यावे, वेदना केवळ वेदना म्हणून ओढवून घेण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. ५ मे १९८० च्या घोषणापत्रात धर्मशिकवण विभागाने तेच अधिक स्पष्ट केले. कोणी स्वेच्छेने औषध कमी घेऊन ख्रिस्ताच्या दुःखसहनात सहभागी होऊ इच्छील तर ते स्तुत्य; मात्र ही वीरवृत्ती सर्वांवर नियम म्हणून लादणे शहाणपणाचे नाही. ही दोन्ही वचने मी सेमिनरीत अभ्यासली होती, परीक्षेत लिहिलीही होती. बांधावर उभा असताना ती मला आठवली नाहीत. स्वेच्छेने या शब्दावर सारे अवलंबून आहे. त्या मातेला मी निवड दिली नव्हती, आज्ञा दिली होती, आणि तिने ती पाळली.

ती माता आणखी अकरा वर्षे जगली. सुनेने आग्रह धरून तिला पुन्हा नागपूरला नेले, तेथे औषध बदलले आणि जळजळ पुष्कळ उतरली. हात मात्र पुरता वर गेला नाही.

गेल्या वर्षी अशाच शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या एका भगिनीला पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर मी विचारले, दुखते काय, कुठे, रात्री झोप लागते काय. ती बराच वेळ बोलली. तिचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता, आणि यातले अर्धे तो प्रथमच ऐकत असावा असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. निघताना तिने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवरील कोळशाच्या रेघा दाखवल्या. सर्वांत वरची रेघ आदल्या दिवशीची होती. दिनदर्शिकेचा खिळा अजून चार बोटे वर आहे, असे ती म्हणाली.